पेटीतला कुबट वास येतो कुठून?

नवरात्र जवळ आलं की बडोद्यात घरोघरी कपाटं आणि पत्र्याच्या पेट्या उघडतात. कुणाची चणियाचोळी निघते, कुणाच्या आजीचा शालू. आणि पुष्कळदा कपड्यांच्या आधी बाहेर येतो तो कुबट वास. मागच्या वर्षी आमच्या आजीच्या शालूवर घडीच्या रेषेत पांढुरके ठिपके दिसले. आजी काहीच बोलली नाही, नुसता हात फिरवत राहिली.

पेटीत डांबरगोळ्या होत्या की! पण त्यांच्या वाफेने कसर दूर राहते, ओलावा जात नाही. बुरशीला ओलावाच हवा असतो. हवेतली आर्द्रता बरेच दिवस ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की ती कापडावर धरते. वास हा तिचाच.

पावसाळ्यात घरातली हवा ३० अंश तापमानाला ७० टक्के दमट असेल, तर तीच हवा बाहेरच्या गार भिंतीजवळ २६ अंशांवर येताच जवळपास ८८ टक्क्यांवर जाते. हवेतलं पाणी तेवढंच, पण थंड हवेत ते कमी मावतं. म्हणून भिंतीला चिकटलेल्या कपाटाचा मागचा खण आधी बिघडतो.

मग करायचं काय?

कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, पेटी विटांवर ठेवा. कपडे धुऊन, अगदी कोरडे करूनच आत जाऊ द्या. इस्त्रीची वाफ विरेपर्यंत थांबा. रेशीम आणि जर प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, जुन्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळा. वेखंड, लवंग किंवा डांबरगोळ्या यांतलं काहीही एक पुरचुंडीत बांधा; जरीला लागू देऊ नका. बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची चिमुकली पुडी अख्ख्या पेटीला पुरत नाही. भर पावसात पेटी उघडूच नका. पाऊस सरून कोरडं ऊन पडलं की कपडे सावलीत वारवा आणि घडी बदला, नाहीतर रेशीम त्याच रेषेवर चिरतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी बडोद्यातल्या कितीतरी घरांत शिरलं. असे भिजलेले कपडे ढिगात ठेवू नयेत, दोन दिवसांत बुरशी धरते. स्वच्छ पाण्यातून काढून लगेच पसरा: सुती उन्हात, रेशमी सावलीत. आणि पाणी ओसरलं तरी भिंती कित्येक आठवडे ओल सोडत राहतात, तोवर कपाट तिथे परत लावू नका.

आजीचा शालू आता मलमलीत आहे. ठिपके पूर्ण गेले नाहीत. पण वाढलेही नाहीत.