घरी ब्रेक पॅड बदलताय? जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका

शिराळा : पेठ नाक्यावरून शिराळा, कोकरूडमार्गे मलकापूर गाठून पुढे आंबा घाट उतरायचा, तर गाडीचा ब्रेक चोख हवा. पॅड आता घरपोच मिळतात, त्यामुळे अनेक जण अंगणातच पुढचे पॅड बदलतात. काम तसं फार अवघड नाही. धोका आहे तो गाडी उचलण्यात.

गाडीसोबत मिळणारा जॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो. पावसाळ्यात माती मऊ होते, जॅक कलतो आणि गाडी खाली येते. म्हणून काँक्रीटसारखी सपाट, टणक जागा निवडा. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. गाडी वर घेतली की लगेच खाली जॅक स्टँड लावा. विटा किंवा दगड रचून काम भागवू नका, वीट अचानक फुटते.

पिस्टन मागे ढकलायला सी-क्लॅम्प लागतो. त्या वेळी टाकीतलं ब्रेक ऑइल वर येतं. ते रंगावर सांडलं तर रंग जातो, लगेच पाण्याने धुवा. कॅलिपर पाइपवर लोंबकळत सोडू नका, तारेने बांधून ठेवा. जुन्या पॅडच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. त्याने कर्करोग होतो. त्यामुळे फुंकर किंवा हवेचा पाइप मारू नका, ब्रेक क्लीनर किंवा ओल्या फडक्याने धूळ पुसा.

पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदला. नट समोरासमोरचे आवळा आणि शेवटी टॉर्क पान्याने कंपनीच्या पुस्तिकेतल्या मापाने घट्ट करा. गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल कडक होईपर्यंत दाबा. हे विसरलं, तर पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलेलं १५५ अंशांच्या आसपासही उकळू शकतं. मग घाटात पेडल खाली जातं. ऑइल बदलणं, मागचे ड्रम ब्रेक, गळती आणि एबीएसचा दिवा ही कामं मात्र गॅरेजलाच द्यावीत.