खाऱ्या मातीचा धडा

पनवेलच्या पश्चिमेस खाडीचा प्रदेश आहे. एप्रिल महिन्यात खाडीकाठच्या एखाद्या भातखाचराच्या बांधावर उभे राहिले, तर भेगाळलेल्या जमिनीवर पांढरा थर पसरलेला दिसतो. दुरून पाहणाऱ्यास कोणी पीठ सांडले आहे की काय, असे वाटावे. तो थर मिठाचा असतो. आणि चार महिन्यांनी ह्याच जमिनीत भाताची हिरवीगार रोपे वाऱ्यावर डोलू लागतात! मिठाच्या जमिनीत भात पिकतो कसा, हा प्रश्न ज्याच्या मनात उभा राहिला, त्याचा शेतीशास्त्राचा अभ्यास तेथेच सुरू झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

अशा जमिनीस कोकणात खारभूमी किंवा खाजण म्हणतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. भरतीचे हे पाणी शेतात शिरू नये, म्हणून आपल्या पूर्वजांनी खाडीच्या कडेने मातीदगडांचे बांध घातले आणि त्यांत ठिकठिकाणी उघाड्या ठेवल्या. उघाडी म्हणजे एकाच बाजूस उघडणारे दार. ओहोटीच्या वेळी शेतातील पावसाचे पाणी आतून रेटा देते, दार उघडते आणि पाणी खाडीत निघून जाते. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने तेच दार मिटते. दाराशी कोणी माणूस बसवावा लागत नाही. जून-जुलैच्या मुसळधार पावसात मातीतील क्षार विरघळतात व उघाडीवाटे वाहून जातात. तेवढ्या अवधीत भात आपले आयुष्य उरकून घेतो. पाऊस संपला की खोल मातीतील खारे पाणी, दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे, मातीच्या बारीक छिद्रांतून वर येते. उन्हाने पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते.

हा सगळा खेळ बांधावर अवलंबून आहे. खेकड्यांनी तो पोखरला आणि मोठ्या भरतीला फुटला, तर एका रात्रीत कितीतरी घरांची शेते खारी होतात व ती पुन्हा पिकाऊ होण्यास काही पावसाळे जावे लागतात. त्यामुळे बांधाची राखण हे एकट्या शेतकऱ्याचे काम राहत नाही. १९४८ साली तेव्हाच्या मुंबई प्रांतात खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदाच करण्यात आला.

शाळेत शेती शिकवावी, ही कल्पना आजची नव्हे. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी मुलांस वाचन, लेखन व हिशेब यांच्या जोडीने शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे, असे सुचविले होते. एवढेच सांगून ते थांबले नाहीत. खेड्यातील शाळेस नमुन्याचे एक लहानसे शेत जोडावे, असेही त्यांनी म्हटले होते. पुढे माध्यमिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी १९५२ साली नेमलेल्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळांच्या योजनेत शेती हा एक स्वतंत्र विषयगट ठेवला. तरीही ज्याला गणित जमत नाही त्याने शेतकी घ्यावी, असा समज पुष्कळांच्या मनात राहिला. हा समज बाळगणाऱ्याने एकदा मातीचा नमुना घेऊन पाहावा!

मूठभर माती उचलली की झाला नमुना, असे नव्हे. शेताच्या आठ-दहा जागा निवडावयाच्या. प्रत्येक ठिकाणी सुमारे २० सेंटिमीटर खोल खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडावयाची. सगळी माती एकत्र करून तिचे चार भाग पाडावयाचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यावयाचे, उरलेले पुन्हा मिसळावयाचे. असे अर्धा किलो माती उरेपर्यंत करावयाचे. मग ती सावलीत वाळवून पाण्यात ढवळतात व त्या पाण्यातून वीज किती सहज वाहते, ते यंत्राने मोजतात. पाण्यात क्षार जितके अधिक, तितकी वीज अधिक सहज वाहते. अनुभवी शेतकरी मातीचा कण जिभेवर ठेवून ‘खारट आहे’ एवढे सांगू शकतो. पण गेल्या वर्षीपेक्षा किती उणी वा अधिक, हे जीभ सांगत नाही. आकडा सांगतो.

मीठ रोपाला करते तरी काय? लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले, की थोड्या वेळाने त्यांना पाणी सुटते. खाऱ्या मातीत भाताच्या मुळांवर असाच प्रसंग येतो. भोवती पाणी असूनही ते मुळांना ओढून घेता येत नाही. भरल्या खाचरात रोप तहानेले राहते. शिवाय जे मीठ आत शिरते, ते पानांस अपाय करते, तो निराळाच.

ह्याचा प्रयोग वर्गात करता येतो. पाच बशा घेऊन प्रत्येकीत ओला कापूस ठेवावा व त्यावर भाताचे २० दाणे पसरावेत. पहिल्या बशीत साधे पाणी. पुढच्या बशांसाठी लिटरमागे ३, ६, ९ व १२ ग्रॅम मीठ घातलेले पाणी. बशीतले पाणी आटले, तर वरून साधेच पाणी घालावे, कारण उडून गेले ते पाणी; मीठ बशीतच आहे. प्रयोग करणारे विद्यार्थी येथे बहुधा फसतात. सौम्य खारट पाण्यातील दाण्यांनाही मोड येतात, थोडे उशिरा एवढेच. ते पाहून ‘भाताला मिठाची बाधा होत नाही’ असे कोणी वहीत लिहून टाकले, तर ते चुकेल. कारण रुजताना भात बरेच मीठ सोसतो. तो हळवा होतो तो नंतर, कोवळे रोप असताना आणि पुढे फुलोऱ्याच्या वेळी. पहिल्या आठवड्यात थांबणाऱ्यास हे कधीच कळणार नाही.

मोठी माणसे हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर करतात, आणि तेही पनवेल येथेच. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे (स्थापना १९७२) खारभूमी संशोधन केंद्र पनवेलला आहे. पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ ह्या भाताच्या जाती खाऱ्या जमिनीसाठीच तयार केलेल्या आहेत. त्यांच्याही आधी ‘काळा राता १-२४’ व ‘भुरा राता ४-१०’ ह्या जाती निवडण्यात आल्या होत्या. राता म्हणजे तांबड्या तांदळाचे भात. खारभूमीतील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ते पेरीत आले होते. त्यांतूनच शास्त्रज्ञांनी उत्तम रोपे वेचली. मीठ सोसणारे रोप बरेचसे मीठ मुळांशीच अडवते आणि आत आलेले जुन्या पानांत साठवून कोवळी पाने वाचवते. हे कारण त्या शेतकऱ्यांस ठाऊक नव्हते. पण कोणत्या ताटाचे बी पुढील सालासाठी राखावे, हे त्यांना बरोबर ठाऊक होते.

गमतीची गोष्ट अशी, की शेताचा शत्रू असलेले मीठ पेरणीपूर्वी शेतकऱ्याच्या उपयोगी पडते. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे ओतले, की पोचट दाणे वर तरंगतात व भरीव दाणे तळाशी बसतात. वरचे काढून टाकावयाचे आणि खालचे स्वच्छ पाण्याने दोन वेळा धुऊन घ्यावयाचे. धुण्यास विसरले, तर काय होईल, ते आता सांगावयास नको.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबई उभी राहू लागली आणि पनवेल परिसरातील पुष्कळ भातखाचरे तिच्या पोटात गेली. २०२५ साली येथील विमानतळाचे उद्घाटनही झाले. पनवेलच्या शाळांत आज बसणाऱ्या अनेक मुलांच्या घरी शेत नाही, बैल नाही, उघाडी हा शब्दही त्यांनी ऐकला नसेल. पाच बशा, कापूस, मीठ आणि मूठभर भात मात्र कोठेही मिळते. बशा खिडकीशी ठेवाव्यात, प्रत्येकीवर मिठाचे प्रमाण लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी, आणि मोड आल्यावरही आणखी दोन आठवडे रोज सकाळी पानांची टोके पाहावीत. कोणत्या बशीतील टोके कोणत्या दिवशी वाळू लागली, ते तारखेसह वहीत लिहावे.