ह्यूस्टनचा पगार, स्टुटगार्टचा पगार

‘अमेरिकेत कर कमी, युरोपात कर फार’ हे वाक्य परदेशी नोकरीचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं. ते खोटं नाही. देशाच्या एकूण उत्पन्नातला किती वाटा कर आणि सक्तीच्या वर्गण्यांतून सरकारी व्यवस्थेकडे जातो, हे पाहिलं तर 2023 मध्ये अमेरिकेत तो सुमारे 25 टक्के होता, जर्मनीत 38, तर फ्रान्स आणि डेन्मार्कमध्ये 43 च्या पुढे. पण या आकड्यावरून एखाद्या घरात महिनाअखेर काय उरतं ते कळत नाही. आजारपणासाठी जर्मन माणूस सक्तीची वर्गणी भरतो, ती या हिशेबात धरली जाते. त्याच आजारपणासाठी अमेरिकन माणूस विमा कंपनीला हप्ता भरतो, तो मात्र धरला जात नाही. म्हणून एकूण टक्के बाजूला ठेवून दोन पगारपत्रकं ओळीओळीने वाचलेली बरी. दोन्हीकडे दर 2024 चे घेतले आहेत. चलनं आणि महागाई वेगळी असल्यामुळे रकमांची तुलना न करता पगाराच्या प्रमाणात किती उरतं ते पाहू.

स्टुटगार्टमध्ये महिना 4,000 युरो पगार असलेला एकटा, मूल नसलेला माणूस घ्या. पहिली वजावट पेन्शनची, 9.3 टक्के. मग बेकारी विमा 1.3 टक्के, आरोग्य विमा साधारण 8.15 टक्के आणि म्हातारपणी किंवा अपंगत्व आल्यास लागणाऱ्या शुश्रूषेचा विमा 2.3 टक्के. या चार वर्गण्यांतच 842 युरो जातात. लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे यातलं काहीही प्राप्तिकर नाही. तो वेगळा, साधारण 555 युरो. हातात जेमतेम 2,600 युरो येतात, म्हणजे पगाराचे 65 टक्के. चर्चचा सभासद असेल तर चर्चचा कर आणखी वर.

आता ह्यूस्टनमध्ये महिना 5,000 डॉलर मिळवणारा एकटा माणूस. टेक्सासमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही, तेव्हा केंद्राचाच कर आणि सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) व मेडिकेअर (वृद्धांचा सरकारी आरोग्य विमा) यांची मिळून 7.65 टक्के वजावट. कंपनीच्या आरोग्य विम्यात स्वतःचा वाटा देशाच्या सरासरीने 114 डॉलर. सगळं जाऊन सुमारे 4,090 डॉलर हातात, म्हणजे 82 टक्के. एकट्या, तरुण, धडधाकट माणसाला अमेरिका स्वस्त पडते ती अशी, आणि तिथे नव्याने गेलेले बहुतेक जण याच वयाचे असल्यामुळे तिची कीर्तीही तशीच पसरली आहे.

याच दोघांना लग्न झालेलं, जोडीदार नोकरी न करणारा आणि दोन लहान मुलं असलेलं धरा. स्टुटगार्टमध्ये दोन गोष्टी लगेच बदलतात. नवराबायकोचं उत्पन्न एकत्र करून, निम्मं निम्मं वाटून कर आकारला जातो, त्यामुळे प्राप्तिकर 555 वरून 250 युरोच्या आसपास येतो. आरोग्य विम्याची वर्गणी पगारावर ठरते, माणसांच्या संख्येवर नाही. त्यामुळे जोडीदार आणि मुलं त्याच वर्गणीत येतात, एक युरोही न वाढता. वर मुलांचा सरकारी भत्ता, प्रत्येकी 250 युरो, थेट बँकेत. घरात येणारी रक्कम होते साधारण 3,450 युरो, म्हणजे पगाराच्या 86 टक्के.

ह्यूस्टनच्या घराचा प्राप्तिकर तर शून्यावर येतो. मुलांमागची सवलत आणि कमी उत्पन्नाच्या कष्टकरी कुटुंबांना 1975 पासून मिळणारी सवलत धरली, तर सरकारच वर्षाला तीनेक हजार डॉलर परत देतं. पण कुटुंबाच्या विम्याचा हप्ता माणसं वाढली की वाढतो. 2024 मध्ये नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता 25,572 डॉलर होता. त्यातले 6,296 कर्मचाऱ्याच्या पगारातून गेले, बाकीचे 19,276 कंपनीने भरले. सगळी वजाबाकी-बेरीज करून घरात महिना 4,400 डॉलरच्या थोडे वर येतात, 88 टक्के. एकट्या माणसांत 17 टक्क्यांची दरी होती, ती संसार मांडताच दोनवर आली.

खरा खर्च मात्र पगारपत्रकाच्या पलीकडे आहे. आपल्याकडे ज्याला सीटीसी म्हणतात तो, म्हणजे एका माणसामागे कंपनीचा एकूण खर्च, काढा. जर्मन कंपनी पगारावर आणखी सुमारे 20 टक्के वर्गणी भरते, म्हणजे तिचा खर्च 4,800 युरोंच्या थोडा वर. अमेरिकन कंपनी आपल्या वाट्याची वजावट आणि महिना 1,600 डॉलरचा विमा हप्ता भरते, खर्च जवळजवळ 7,000 डॉलर. त्यातून कुटुंबाच्या हातात रोख 63 टक्के पडतात, जर्मनीत 72 टक्के. कंपनीने भरलेला हप्ता हा अखेर कामगाराला न मिळालेला पगारच असतो, याबद्दल अर्थतज्ज्ञांत फारसा वाद नाही. तेव्हा या हप्त्याला कर म्हणा अथवा नका म्हणू, भार आहेच.

अमेरिकेत विम्याचा हप्ता नोकरीला चिकटला त्याचं कारण ऐतिहासिक आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, अमेरिकी सरकारने पगारवाढीवर बंधनं आणली. माणसं तर हवी होती, म्हणून कंपन्या विमा देऊ लागल्या, आणि 1954 च्या करसंहितेने तो कर्मचाऱ्यासाठी करमुक्त असल्याचं पक्कं केलं. ही करमाफीदेखील सरकारी खर्चच आहे, फक्त अंदाजपत्रकात खर्च म्हणून दिसत नाही. जर्मनीत सक्तीचा आरोग्य विमा 1883 मध्ये बिस्मार्कच्या काळात आला. खासगी सामाजिक खर्च आणि करसवलती मिळवल्या, की सामाजिक खर्चाच्या आंतरराष्ट्रीय क्रमवारीत मधे कुठेतरी असलेली अमेरिका फ्रान्सच्या मागोमाग येऊन बसते.

मग हातात पडलेल्या रकमेतून पुढे काय काय भरावं लागतं? ह्यूस्टनमध्ये आजारी पडलात तर विमा सुरू होण्याआधी डिडक्टिबल खिशातून, ते 2024 मध्ये एकट्याच्या विम्यातही सरासरी 1,787 डॉलर होतं. स्टुटगार्टमध्ये सज्ञान रुग्णाला सरकारी विम्यात रुग्णालयाचे दिवसाला 10 युरो, तेही वर्षाला जास्तीत जास्त 28 दिवस. बाळ झालं तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने 12 आठवडे रजा, तीही बिनपगारी आणि लहान कंपन्यांना लागू नसलेली. जर्मनीत आईवडील मिळून 14 महिन्यांपर्यंत निव्वळ पगाराच्या साधारण 65 टक्के, कमाल 1,800 युरो. अमेरिकेत राज्यातल्याच मुलाला सरकारी विद्यापीठाची फी वर्षाला सरासरी 11,000 डॉलरच्या पुढे. जर्मन सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी सहसा नाहीच, फक्त सत्राचं किरकोळ शुल्क. आपल्या मुलांनी मात्र एक पाहावं: स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे, त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गने 2017 पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1,500 युरो फी लावली.

दुसऱ्या बाजूला दुकानातला कर. जर्मनीत बहुतेक मालावर 19 टक्के व्हॅट, बऱ्याचशा खाद्यपदार्थांवर 7 टक्के, आणि तो किमतीतच धरलेला. ह्यूस्टनमध्ये चिठ्ठीवर 100 डॉलर वाचून वस्तू उचलली की काउंटरवर 108.25 द्यावे लागतात, पण किराण्यातल्या बहुतेक खाद्यपदार्थांवर विक्रीकर नाही. मालमत्ता कर मात्र टेक्सासमध्ये चांगलाच चढा आहे.

युरोपातल्या सुविधा श्रीमंतांवर जबर कर बसवून चालतात, हा समज या हिशेबात टिकत नाही. त्या चालतात साध्या पगारदारावर, त्याच्या वर्गण्यांवर आणि त्याच्या रोजच्या खरेदीवरच्या व्हॅटवर. जर्मनीत आरोग्याची वर्गणी 2024 मध्ये वर्षाला 62,100 युरोंपर्यंतच्या पगारावरच होती. त्यावरच्या कमाईला ती लागत नाही. अमेरिकेचा प्राप्तिकर त्या मानाने वरच्या उत्पन्नावर जास्त झुकलेला आहे आणि मधल्या घरांना हलका आहे. मला जर्मन पद्धत अधिक रास्त वाटते, कारण तिथे सगळेच भरतात आणि सगळ्यांनाच मिळतं, त्यामुळे ती व्यवस्था टिकवण्यात मध्यमवर्गाला रस राहतो. पण वर्षाला दोन लाख डॉलर मिळवणाऱ्या, मोठ्या कंपनीचा उत्तम विमा असलेल्या इंजिनिअरला अमेरिकाच परवडते, हेही तितकंच खरं.

पुण्या-मुंबईहून जाणाऱ्यांसाठी यात आणखी एक कलम आहे. अमेरिकेत एच-1बी व्हिसावर काम करणाऱ्याच्या पगारातून सोशल सिक्युरिटीचे 6.2 टक्के जातात आणि तेवढेच कंपनी भरते. पेन्शनचा हक्क मात्र 40 क्रेडिट झाल्यावर, म्हणजे किमान दहा वर्षांच्या कामानंतर. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नसल्यामुळे भारतातली भविष्य निर्वाह निधीची वर्षं तिथे जोडता येत नाहीत. जर्मनीशी असा व्यापक करार 1 मे 2017 पासून लागू आहे. भारतीय कंपनीने काही काळासाठी पाठवलेला कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेचं प्रमाणपत्र दाखवून तिथली पेन्शनची वर्गणी टाळू शकतो, आणि तिथेच नोकरी धरणाऱ्याला पात्रतेसाठी दोन्ही देशांतली वर्षं एकत्र मोजून मिळतात. सहा-सात वर्षांत अमेरिकेतून परतणाऱ्याने भरलेली 6.2 टक्के रक्कम नावाला वर्गणी असते. पेन्शनच्या रूपाने तिच्यातलं त्याला काहीच परत मिळत नाही, तेव्हा दोन देशांची तुलना करताना त्याने ती करातच धरावी.