‘आनंद’ चित्रपटातील संबोधने आणि आजाराची कसोटी

दुर्धर आजार नात्यांची कसोटी पाहतो, तशीच तो त्या नात्यांतील भाषेचीही पाहतो. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘आनंद’ (१९७१) या हिंदी चित्रपटात हे विशेषत्वाने दिसून येते.

आनंद सहगल दिल्लीहून मुंबईस येतो, तो आतड्याचा लिम्फोसार्कोमा हा कर्करोग घेऊन. आपले आयुष्य काही महिन्यांचेच उरले आहे, हे त्यास ठाऊक असते. साहजिकच रोग्यापासून सत्य लपविण्याची वैद्यकातील रूढ भाषा येथे प्रारंभीच निरुपयोगी ठरते. रोगाच्या भारदस्त नावाची तर आनंद थट्टाच करतो. याउलट डॉ. प्रकाश कुलकर्णी (रमेश देव) यांच्याकडे येणाऱ्या धनिकांना व्याधी नसतानाही तिचे नाव आणि औषध हवे असते. चित्रपटातील विनोदाचा बराचसा भाग या विरोधातून निर्माण होतो.

डॉ. भास्कर बॅनर्जी यांस आनंद ‘बाबू मोशाय’ म्हणतो. ‘मोशाय’ हे संस्कृत ‘महाशय’ शब्दाचे बंगाली रूप होय. हे संबोधन मुळात आदराचे, म्हणजेच काहीसे अंतर राखणारे. परंतु आनंदच्या तोंडी ते सलगीचे होते आणि डॉक्टर व रोगी हा औपचारिक संबंध मैत्रीत परिणत होतो.

अनोळखी माणसांस ‘मुरारीलाल’ अशी हाक मारण्याची आनंदची सवयही अशीच अर्थपूर्ण आहे. ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये दाखवून दिले की, काही भाषणाचा हेतू माहिती देणे हा नसून केवळ संबंध जोडणे हा असतो. ‘मुरारीलाल’ ही त्याच जातीची हाक. इसाभाई (जॉनी वॉकर) उलट आनंदलाच ‘जयचंद’ म्हणतो, तेव्हा दोन्ही नावे खोटी असूनही जुळलेले नाते मात्र खरे ठरते.

हाकेस ओ मिळावी लागते. संबोधनाचे कार्य त्याखेरीज पुरे होत नाही. आनंदच्या मृत्यूनंतर, एरवी अबोल असणारा भास्कर त्याला बोलण्यासाठी विनवितो. उत्तर येते ते ध्वनिफितीतून. तीत ‘बाबू मोशाय’ हे संबोधन ऐकू येते. पण हाक मारणारा आता उत्तर ऐकू शकत नाही. चित्रपटभर हसविणारे शब्दच येथे शोकाचे होतात, आणि आजाराने नात्याची घेतलेली कसोटी प्रेक्षकास उमगते ती या एका संबोधनातून.