मशरूमचे देठ आणि कोलेस्टेरॉल : ऐकीव किती, खरं किती

धिंगरी मशरूमचा बेड काढणीला आला की पिशवीच्या भोकांतून पांढुरके झुपके पंख्यासारखे बाहेर पडतात. झुपका पिळून काढायचा, उलटा धरायचा आणि बुडखा सुरीनं उडवायचा. बुडख्याला भाताचं पिंजर चिकटलेलं असतं आणि तो रबरासारखा चिवट असतो, त्यामुळे गिऱ्हाईक तो घेत नाही. वरचा मऊ भाग बाजारात जातो. बुडखे, देठ आणि वेडेवाकडे तुकडे घमेल्यात साठतात आणि संध्याकाळी उकिरड्यावर पडतात. याच घमेल्यातून कोलेस्टेरॉल उतरवणारी द्रव्यं काढता येतात, असं सांगणारे निरोप मोबाइलवर फिरतात. त्यात तथ्य आहे. पण त्या तथ्याला जी शेपटं जोडली जातात, ती एखाद्याच्या जिवावर बेतू शकतात.

‘देठात काही नसतं, सत्त्व सगळं वरच्या भागात,’ हा पहिला समज. बुरशीच्या पेशीची भिंत बीटा-ग्लुकन आणि कायटिन यांची बनलेली असते, आणि देठ चिवट लागतो तो अशाच तंतूंमुळे. म्हणजे आपण फेकतो तो भाग रिकामा नाही. मशरूममध्ये कोलेस्टेरॉलही नसतं. त्याच्या जागी अर्गोस्टेरॉल असतं आणि ऊन लागलं की त्यातूनच ड-२ जीवनसत्त्व तयार होतं.

दुसरा समज जरा शहाणा वाटणारा आहे: ‘ओट्समध्ये बीटा-ग्लुकन, मशरूममध्येही बीटा-ग्लुकन, मग गुण सारखाच.’ इथं इचलकरंजीकरांना खळीचा दाखला लगेच पटेल. सायझिंगला सुताला लावायची खळ कशी घट्ट आणि चिकट असते! ओट्स आणि बार्लीचं बीटा-ग्लुकन पाण्यात विरघळून आतड्यात तशीच खळ धरतं. तिच्यात पित्ताम्लं अडकतात आणि शौचावाटे बाहेर जातात. नवं पित्त करण्यासाठी यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढावं लागतं. दिवसाला ३ ग्रॅम पोटात गेलं तर फरक पडतो, हे माणसांवरच्या चाचण्यांत दिसलेलं आहे. मशरूमच्या बीटा-ग्लुकनची साखळी वेगळ्या पद्धतीनं जोडलेली असते. त्याचा बराच भाग पाण्यात विरघळत नाही, म्हणून खळही तशी धरत नाही. माद्रिदच्या संशोधकांनी शिताके मशरूमचा बीटा-ग्लुकनयुक्त अर्क सुमारे ५० जणांवर तपासला. रोज साडेतीन ग्रॅम बीटा-ग्लुकन, ८ आठवडे. २०२१ साली निष्कर्ष छापून आले. अर्क सुरक्षित होता, आतड्यातल्या जिवाणूंमध्ये बदलही दिसले, पण कोलेस्टेरॉलमध्ये दखल घ्यावी असा फरक पडला नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत अशा अर्कांना मिळालेलं यश माणसांत उतरेलच असं नसतं, एवढं यावरून कळतं.

‘रोज वाटीभर मशरूम सूप घ्या, कोलेस्टेरॉल आपोआप खाली,’ हा सगळ्यांत लाडका समज. हिशेब मांडून बघा. वनस्पतींची स्टेरॉल दिवसाला दीड-दोन ग्रॅम घेतली तर वाईट कोलेस्टेरॉल साधारण ७ ते १० टक्के उतरतं. अर्गोस्टेरॉल त्यांचंच भावंड. वाळलेल्या मशरूममध्ये ते ग्रॅममागे काही मिलिग्रॅमच असतं, आणि ताज्या मशरूममध्ये ९० टक्के पाणी. दीड ग्रॅम मिळवायला रोज दोन ते पाच किलो ताजं मशरूम लागेल. म्हणून तर अर्क काढायचा खटाटोप. तोही घरी उकळून साधत नाही, कारण अर्गोस्टेरॉल पाण्यात उतरत नाही. त्याला अल्कोहोल लागतं, किंवा प्रचंड दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड. बीटा-ग्लुकन मात्र गरम पाण्यात काही प्रमाणात उतरतं.

राहिलं देठातलं कायटिन. ते कडक कॉस्टिकमध्ये शिजवलं की कायटोसान मिळतं. कॉस्टिक आपल्या कापड-प्रोसेसवाल्यांच्या रोजच्या हाताखालचं. दिवसाला ३ ग्रॅम कायटोसानानं कोलेस्टेरॉल आटोक्यात राहायला मदत होते, हा दावा युरोपीय संघानं २०१२ साली मान्य केला. आज बाजारातलं बहुतेक कायटोसान कोळंबी-खेकड्यांच्या कवचांचं असतं. देठांपासून केलेलं शाकाहारी माणसालाही चालेल. मला देठांचा खरा उपयोग इथं दिसतो.

आता सर्वांत घातक समज: ‘नैसर्गिक आहे, मग अपाय कसला?’ कोलेस्टेरॉलच्या ज्या स्टॅटिन गोळ्यांना लोक ‘केमिकल’ म्हणून नाकं मुरडतात, त्यांचा जन्मच बुरशीतला. जपानच्या अकिरा एंडो यांनी सुमारे ६,००० बुरशी तपासल्या आणि तांदळावरच्या निळसर बुरशीत पहिलं स्टॅटिन शोधलं. पुढे दुसऱ्या एका बुरशीतून लोवास्टॅटिन मिळालं आणि १९८७ साली अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झालं. धिंगरीतही लोवास्टॅटिन असल्याचं संशोधक सांगतात, पण वाणागणिक, बेडागणिक त्याचं प्रमाण बदलतं. रेणू तोच, म्हणजे स्नायुदुखी आणि यकृताचा त्रास हे धोकेही तेच. लाल यीस्टच्या तांदळात हाच रेणू असतो, आणि पूरक आहारात तो रोज ३ मिलिग्रॅमपेक्षा कमीच असावा असा नियम युरोपनं २०२२ साली केला. गोळी चालू असताना वर असा अर्क घेणं म्हणजे नकळत डोस वाढवणं. आणि अर्काच्या भरवशावर गोळी सोडणं त्याहून वाईट.

शेवटचा मुद्दा आपल्या गावाचा, इचलकरंजीचा. मागाखाली साठणाऱ्या सुती वेस्टवर धिंगरी छान येते, यात खोटं काही नाही. पण रंगवलेलं सूत, मागाचं तेल लागलेली रुई आणि खळीतली रसायनं बेडमध्ये नकोत. मशरूम कॅडमियमसारखे जड धातू शोषून घेतं, आणि अर्क आटवताना गुणाबरोबर दोषही घट्ट होऊ शकतो. खाण्याच्या अर्कासाठी पिंजर, सोयाबीनचा भुसा, उसाचं पाचट बरं. काढणी झालेला बेड मात्र खतातच जाऊ द्या.

मशरूम करणाऱ्यांनी देठ त्याच दिवशी धुऊन, कापून, खडखडीत वाळवावेत. ओला देठ लवकर कुजतो आणि मग कुठल्याच कामाचा राहत नाही. आणि अशा अर्काचा डबा विकत घेणाऱ्यांनी आधी लेबल वाचावं. न्यूट्रास्युटिकलच्या, म्हणजे अशा पूरक आहाराच्या, डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ ही सूचना छापणं भारताच्या २०१६ च्या अन्नसुरक्षा नियमांनी सक्तीचं केलेलं आहे. ती सूचना नसेल आणि कोलेस्टेरॉल बरं करण्याची हमी असेल, तर तो डबा दुकानातच राहू द्या.