दिनविशेषात न मावणारे दिवस

वंदना, संविधानाची उद्देशिका, सुविचार आणि दिनविशेष हा परिपाठाचा क्रम आपल्या विद्यालयाच्या आजी-माजी विद्यार्थ्यांना नव्याने सांगण्याची गरज नाही. २० मार्च म्हटले की चवदार तळे, १४ ऑक्टोबर म्हटले की दीक्षाभूमी. ज्या समाजाला शतकानुशतके स्वतःचा इतिहास लिहू दिला गेला नाही, त्याने तारखा जपून ठेवणे स्वाभाविक आहे. परंतु दिनविशेष कसा घडतो आणि त्यातून काय निसटते, याचाही विचार व्हावयास हवा. त्यासाठी आम्ही येथे क्रीडाक्षेत्राचे उदाहरण घेत आहोत.

जगभरातील जुने क्रीडासंघ आपापले दिनविशेष मोठ्या अभिमानाने सांगतात. इंग्लंडमधील रग्बी लीगचे संघ २९ ऑगस्ट १८९५ ही तारीख विसरत नाहीत. उत्तर इंग्लंडच्या गिरण्यांत आणि खाणींत राबणाऱ्या खेळाडूंची सामन्याच्या दिवशीची मजुरी बुडे. ती भरून देण्यास मूळ संघटनेने नकार दिला, तेव्हा तेथील संघांनी हडर्सफील्ड येथे सभा भरवून वेगळी संघटना स्थापन केली. मैदानावरील एका तारखेमागे पोटाचा प्रश्न उभा होता.

असाच प्रश्न आपल्या महाराष्ट्रात क्रिकेटच्या मैदानावर उभा राहिला. मात्र येथे मजुरीसोबत जातही होती. मुंबईच्या हिंदू जिमखान्याचा आणि हिंदू संघाचा इतिहास तारखावार मांडला, तर त्यात पालवणकर बाळू हे नाव पुनःपुन्हा येते. चर्मकार समाजातील बाळूंचा जन्म धारवाडचा. वडील लष्करी सेवेत असल्याने बालपण पुण्यात गेले. आपली हिंगोलीही एकेकाळी हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. त्यामुळे छावणीच्या आश्रयाने जगणारी वस्ती कशी असते, हे आपल्या वडीलधाऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम हा खेळ शिकले. पुढे बाळू पुण्यातील पारशी मंडळींच्या क्लबात खेळपट्टी झाडण्याच्या आणि रोलर फिरवण्याच्या कामाला लागले. पगार महिना तीन रुपये.

तेथून ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे जे. जी. ग्रेग या नामांकित फलंदाजाला ते तासन्‌तास डावखुरी फिरकी टाकीत. गोलंदाजी त्यांनी करावी. बॅट मात्र त्यांच्या हाती कुणी दिली नाही.

आता जिमखान्याच्या दिनविशेषात शोभणाऱ्या घटना पाहू. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने मुंबई इलाख्याच्या युरोपियन संघाचा १०९ धावांनी पराभव केला. त्या सामन्यात बाळूंनी आठ बळी घेतले. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, परंतु बाळूंनी संपूर्ण दौऱ्यात ११४ बळी मिळवले. लेस्टरशायरविरुद्धच्या विजयात त्यांचे अकरा बळी होते. १९२३ मध्ये धाकटे बंधू विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्याच वर्षी संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली.

या विजयांना साल आहे, आकडे आहेत. परंतु पुण्यात हिंदू संघाकडून खेळताना चहाच्या वेळी सहकारी पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा पीत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात तो दिला जाई, याची तारीख कोणती? जेवणाचे ताट वेगळे, जागा वेगळी, याची तारीख कोणती? हा अपमान एका दिवशी घडला नव्हता. तो सामन्यागणिक घडत होता. रोज घडणाऱ्या गोष्टीला दिनविशेष नसतो. म्हणूनच विजेत्यांची दिनदर्शिका भरलेली असते आणि सोसणाऱ्यांची कोरी दिसते.

या कोऱ्या जागेत पहिली ठळक नोंद पालवणकर बंधूंनीच केली. इतकी वर्षे संघ सावरणाऱ्या बाळूंना कर्णधारपद मिळाले नव्हते. १९२० मध्ये पुन्हा त्यांना डावलले गेले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपला निषेध जाहीर केला. त्यानंतर बाळूंना उपकर्णधार करण्यात आले आणि कर्णधार मैदानाबाहेर गेल्यावर काही काळ संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. तीन वर्षांनी विठ्ठल यांना मिळालेला मान या नकारातून आला होता. महाडच्या सत्याग्रहापूर्वी सात वर्षे झालेला हा स्वाभिमानाचा उच्चार आपल्या मुलांना ठाऊक असला पाहिजे.

येथे एक अवघड प्रश्न आपल्यापुढे येतो. तरुण आंबेडकरांना बाळूंच्या पराक्रमाचा अभिमान होता. परंतु पुढे वाटा वेगळ्या झाल्या. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर बाळूंचीही सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत ते काँग्रेसच्या वतीने बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले. बाबासाहेबांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. ४ जुलै १९५५ रोजी बाळूंचे निधन झाले. बाबासाहेबांविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसाचे स्मरण आपण का करावे, असे कुणी विचारील.

आमचे मत स्पष्ट आहे. १९३७ चा निकाल योग्यच लागला. समाजाने आपला नेता ओळखला. पण त्या निकालामुळे मातीच्या भांड्यातील चहा खोटा ठरत नाही, की १९२० चा निषेध लहान होत नाही. ज्या पक्षाशी आपला मतभेद आहे त्या पक्षात गेलेल्या माणसाचे भोगलेले दुःखही आपण पुसून टाकले, तर सोयीचे तेवढे जपणाऱ्यांत आणि आपल्यात फरक उरत नाही. तथागतांनी एखादी गोष्ट केवळ परंपरेने आली म्हणून स्वीकारू नका, असे सांगितले. इतिहासाच्या अभ्यासकाला याहून चांगली शिकवण कोणती?

म्हणून शिक्षक आणि पालकांना आमची एक सूचना आहे. परिपाठात ४ जुलैला पालवणकर बाळूंचे नाव घेतले जावे. १९०६ चे आठ बळी, १९२० चा नकार आणि १९३७ चा पराभव या तिन्ही गोष्टी मुलांना एकत्र सांगाव्यात. कोणताही विजयदिन सांगताना त्या मैदानाची झाडलोट कोण करीत होते, त्याला काय मोबदला मिळत होता आणि चहा कुठे बसून प्यावा लागत होता, हेही मुलांना विचारू द्यावे. उत्तर पाठ्यपुस्तकात नसेल, तर ते ग्रंथालयात शोधावे, घरच्या वृद्धांना विचारावे आणि वहीत उतरवून ठेवावे. आजी-आजोबांच्या आठवणीतील अशा अनेक दिवसांना अजून तारीख मिळालेली नाही.