हिशेबाचा तक्ता का बंद पडला?

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत येतो. येथे पाण्याचा हिशेब पैशाच्या हिशेबाइतकाच काटेकोर ठेवावा लागतो. नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे गाव तर त्यासाठी प्रसिद्धच आहे. पाऊस किती झाला, विहिरींत पाणी किती आहे, हे मोजून तेथे पिकांचे नियोजन ठरते.

समजा, तुमच्या शाळेने आपल्या गावासाठी असाच हिशेब करायला घेतला. १ हेक्टर जमिनीवर १ मिलिमीटर पाऊस पडला, की १०,००० लिटर पाणी मिळते. गावाचे क्षेत्र १,००० हेक्टर असेल, तर तेच होते १ कोटी लिटर! १६ विहिरींची १६ पाने, प्रत्येक पानावर ३६५ दिवसांच्या नोंदी, असा तक्ता तुम्ही घरच्या संगणकावर तयार केला. रब्बीत काय पेरायचे हे ठरवणारी ग्रामसभा दोन दिवसांवर आली आणि नेमका तक्ता अडला. नवा आकडा भरला की पडदा गोठतो आणि आज्ञावली आपोआप बंद होते. आता काय करायचे?

विद्यार्थी मित्रांनो, अशा वेळी दिसेल ते बटण दाबू नये. आधी फाइलची एक प्रत काढून ठेवावी आणि सारे प्रयोग त्या प्रतीवर करावेत. दुसरा नियम प्रयोगशाळेतलाच आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम वहीत लिहायचा.

पहिला प्रश्न : दोष कोठे आहे? संपूर्ण संगणकच बंद पडत असेल, तर वीजपुरवठा किंवा आत साचलेली उष्णता यांवर संशय घ्यावा. फक्त तक्त्याची आज्ञावली बंद पडत असेल, तर एक कोरा तक्ता उघडून त्यात थोडे आकडे भरावेत. तोही बंद पडला, तर दोष बहुधा आज्ञावलीत किंवा तिला जोडलेल्या एखाद्या पुरवणीत असतो. अशा पुरवण्या वगळून आज्ञावली सुरू करण्याची सोय असते. तिला ‘सेफ मोड’ म्हणतात. कोरा तक्ता नीट चालला, तर संशय आपल्या फाइलवर येतो.

आपल्या उदाहरणात कोरा तक्ता नीट चालला असे धरू. आता स्वयंचलित गणना बंद करून फाइल उघडा. आकडे भरूनही ती बंद पडली नाही, म्हणजे चोर सूत्रांत लपला आहे. पण १६ पानांपैकी कोणत्या पानावर? प्रतीतून ८ पाने काढून टाका आणि गणना पुन्हा सुरू करा. तक्ता चालला, तर दोष काढलेल्या ८ पानांत होता. बंद पडला, तर तो उरलेल्या पानांत आहे. मग ८ची ४, ४ची २ आणि २चे १. दोष एकाच पानावर असेल, तर १६ पानांतून तो शोधायला ४ चाचण्या पुरतात.

सापडलेल्या पानावर कंट्रोल आणि एन्ड ही बटणे एकत्र दाबा. कर्सर वापरातल्या शेवटच्या चौकटीवर जातो. तो ३६५ दिवसांच्या आसपास थांबायला हवा होता, पण पोचला थेट १०,४८,५७६व्या ओळीवर! कोणीतरी १२ रकान्यांतली सूत्रे पार तळापर्यंत ओढली होती. म्हणजे सव्वा कोटीहून अधिक सूत्रे झाली. प्रत्येकाला १०० बाइट जागा लागते असे धरले, तरी सव्वाशे कोटी बाइट खर्ची पडतात. घरच्या साध्या संगणकाची मेमरी, म्हणजे कामापुरती स्मृती, अशा ओझ्याने अपुरी पडते.

१९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचा ‘व्हिजिकॅल्क’ बाजारात आला, तेव्हा त्यात २५४ ओळी आणि ६३ रकाने होते. थोड्या जागेत काम भागवावे लागे. आज जागा ऐसपैस आहे, म्हणून चूकही मोठी होऊ शकते.

उपाय सोपा आहे. स्वयंचलित गणना बंद ठेवून मूळ फाइलीतल्या त्या पानाच्या शेवटच्या नोंदीखालच्या सर्व ओळी काढून टाकाव्यात, फाइल जतन करून पुन्हा उघडावी आणि मग गणना सुरू करावी. पण काम येथे संपत नाही. एखाद्या दिवसाचा हिशेब वहीत हाताने करून तक्त्याच्या उत्तराशी ताडून पाहावा. तक्ता बंद पडला तर आपल्याला कळते, चुकीचे उत्तर देत राहिला तर कळत नाही. आणि त्या उत्तरावर गावाची पेरणी ठरणार असते.

जाता जाता एक कोडे : १०,४८,५७६ ओळींपैकी एकाच ओळीत दोष असेल, तर निम्मे-निम्मे करत तो किती चाचण्यांत सापडेल? उत्तर आहे फक्त २०. कसे, ते वहीत करून पाहा.